ड्रॉइंगची परीक्षा आणि मराठवाड्यातली शाळा

देवणी तालुक्यातल्या हायस्कुलात शिकणाऱ्या मुलाची चित्रकलेशी पहिली गंभीर गाठ पडते ती आठवी-नववीत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांच्या निमित्ताने. सरकारी कागदोपत्री या परीक्षेचे नाव ‘शासकीय रेखाकला परीक्षा’ आहे, पण गावात तिला ‘ड्रॉइंगची परीक्षा’ किंवा नुसते ‘ग्रेड’ म्हणतात. कलेच्या वर्तुळात या परीक्षेविषयी चांगले बोलणारे फार थोडे आहेत. ती इंग्रजांच्या काळातली आहे, ठोकळेबाज आहे, मुलांची कल्पनाशक्ती मारते, आणि आता तर दहावीच्या वाढीव गुणांसाठीच दिली जाते, असे तिच्यावरचे आरोप आहेत. या आरोपांत तथ्य आहे. तरीही लातूर-नांदेडकडच्या शाळांचा इतिहास पाहिला की एक गोष्ट नाकारता येत नाही. या भागात शालेय वयाच्या अखेरच्या वर्षांत चित्रकला टिकली ती या परीक्षेमुळे आणि तिच्यामुळे शाळेत उभ्या राहिलेल्या कलाशिक्षकाच्या पदामुळे. परंपरा, संग्रहालये, राजाश्रय किंवा अभ्यासक्रमाची थोरवी यांपैकी कशानेही ते काम केले नाही. परीक्षेचे दोष मोजण्याआधी हा हिशेब मांडला पाहिजे, कारण तो न मांडता परीक्षा मोडीत काढली तर तिच्या जागी काहीच उरणार नाही.

परीक्षेचे मूळ मुंबईत आहे. सर जमशेटजी जिजीभाई यांनी 1853 मध्ये एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि तिच्यातून 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. 1865 मध्ये तिथे जॉन लॉकवूड किपलिंग आले, जॉन ग्रिफिथ्सही त्याच सुमारास आले. शिकवण्याची पद्धत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची होती. आधी सरळ रेषा, मग वक्र रेषा, मग भूमितीच्या आकृत्या, मग नक्षी, मग समोर ठेवलेली वस्तू, अशी पायरीपायरीने हात घडवणारी आणि प्रत्येक पायरीवर परीक्षा घेणारी ही पद्धत होती. तिचा हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता. कारखान्याला आणि कारागिरीला अचूक रेघ मारणारा हात हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच पायऱ्यांची रचना ग्रेड परीक्षांच्या रूपाने मुंबई इलाख्यातल्या हायस्कुलांत उतरली. पुण्या-साताऱ्याच्या, नाशिक-अहमदनगरच्या शाळांत ड्रॉइंग मास्तर हा माणूस ओळखीचा झाला. आजूबाजूच्या संस्थानांनीही हातभार लावला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कोल्हापुरात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यासारखी माणसे घडली, सयाजीरावांच्या बडोद्यात 1890 मध्ये कलाभवन निघाले. मराठी मुलखाच्या पश्चिम अंगाला कलाशिक्षणाचे असे दोन-तीन झरे एकाच वेळी वाहत होते.

मराठवाड्याच्या वाट्याला यातले काही आले नाही, आणि इथेच या इतिहासातली सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. अजिंठा मराठवाड्यात, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखात. ग्रिफिथ्स आणि त्यांचे जे. जे.चे विद्यार्थी 1872 पासून 1885 पर्यंत हंगामामागून हंगाम अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतीवरच्या चित्रांच्या प्रती करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्या प्रती लंडनला गेल्या, बऱ्याचशा तिथल्या 1885 च्या आगीत जळाल्या. पण जे शिकायचे ते मुंबईच्या विद्यार्थ्यांनी शिकून घेतले होते. पुढे हैदराबाद संस्थानाने 1914 मध्ये पुरातत्त्व खाते उघडले, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली इटलीहून तज्ज्ञ आणून चित्रांची डागडुजी करवली, अजिंठ्यावरचे देखणे ग्रंथ काढले. हे काम मोठे आहे आणि त्याचे श्रेय त्या खात्याला दिलेच पाहिजे. मात्र ते जतनाचे काम होते. त्यातून उदगीरच्या किंवा निलंग्याच्या शाळेत पेन्सिल आणि कागद पोहोचला नाही.

देवणी त्या काळात उदगीर तालुक्यात होती आणि उदगीर बिदर जिल्ह्यात. बिदर हे जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार जडवून किल्ल्यातल्या मातीने तो काळा करणाऱ्या बिदरी कामाचे गाव. म्हणजे देवणीच्या मुलाच्या जिल्ह्याच्या ठिकाणी देशातल्या सर्वांत नाजूक नक्षीकामांपैकी एक चालू होते. पण ते कारागिरांच्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे जाणारे ज्ञान होते आणि शाळेचा त्याच्याशी संबंध नव्हता. शाळाच मुळात विरळ होत्या. सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून, आणि मराठीतून शिकायचे तर गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, अंबाजोगाईची योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा अशा मोजक्या खासगी संस्थांकडे पाहावे लागे. या शाळा लढ्याच्या शाळा होत्या. भाषा टिकवणे, पोरांना मॅट्रिकपर्यंत नेणे, सरकारी रोषाला तोंड देणे यातच त्यांची शक्ती जात होती. त्यांनी चित्रकलेकडे दुर्लक्ष केले असा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. ज्या शाळेला मान्यता टिकवण्याची चिंता होती तिने ड्रॉइंग मास्तर कुठून आणायचा?

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तीन तालुके बिदरमधून निघून मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले. राजकीय इतिहासात या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शिक्षणाच्या दृष्टीने तिचा एक परिणाम असा झाला की मुंबई इलाख्यात अर्धे शतक मुरलेली शिक्षणव्यवस्था या तालुक्यांना लागू झाली आणि तिच्याबरोबर ग्रेड परीक्षाही आली. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1965 मध्ये कलाशिक्षण सर्वसाधारण शिक्षण खात्यातून वेगळे काढून स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले आणि या परीक्षा त्याच्याकडे गेल्या. 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला, 1999 मध्ये देवणी स्वतः तालुका झाली. या सगळ्या काळात गावोगावी शिक्षण संस्था हायस्कुले काढत होत्या. हायस्कूल निघाले की मुख्याध्यापक, गणित-विज्ञानाचे शिक्षक यांच्याबरोबर एक कलाशिक्षकाचे पद मंजूर होई.

हे पद कसे भरले जाई हे पाहिले की परीक्षेचे खरे काम कळते. कलाशिक्षक व्हायचे तर आर्ट टीचर डिप्लोमा, म्हणजे एटीडी लागे. एटीडीकडे जाणारी वाट इंटरमिजिएटवरून जाई. एका शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी मुले परीक्षेला बसवायची, त्यातली दोन-चार मुले एटीडी करायची, ती शेजारच्या तालुक्यात सर म्हणून लागायची आणि पुन्हा मुले परीक्षेला बसवायची. ज्या प्रदेशाला चित्रकारांची परंपरा नव्हती, चित्रे विकत घेणारा वर्ग नव्हता, गॅलरी नव्हती, तिथे कलेचे शिक्षण एका पिढीकडून दुसरीकडे नेणारी ही एवढीच साखळी होती. तिच्यातून फार थोडे नामवंत चित्रकार निघाले असतील, पण शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, गावच्या दुकानांच्या पाट्या, गणेशोत्सवाचे देखावे, नाटकाचे पडदे आणि पुढे संगणकावरची अक्षरजुळणी, हे सगळे करणारे हात या साखळीने दिले. कलेच्या इतिहासात हे मोजले जात नाही. माझ्या मते ते मोजले पाहिजे.

आता परीक्षेच्या आतले पाहू. पावसाळा सरता सरता ती होते. केंद्र बहुधा तालुक्याच्या किंवा मोठ्या गावच्या शाळेत असते. काखेत ड्रॉइंग बोर्ड, पिशवीत कंपास, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि पाण्याचा डबा घेऊन मुले एसटीने येतात. एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येते आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. वस्तुचित्रात समोर माठ, तांब्या, एखादे फळ, मागे घडी पडलेले कापड मांडलेले असते. तांब्याचे तोंड गोल आहे हे मुलाला ठाऊक असते, पण त्याच्या जागेवरून ते लंबगोल दिसते आणि बुडाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा जास्त फुगीर दिसतो. जे ठाऊक आहे ते न काढता जे दिसते ते काढायचे, हा धडा त्या दोन-तीन तासांत घेतला जातो. शाळेच्या दुसऱ्या कोणत्याही विषयात तो या रीतीने मिळत नाही, विज्ञानाच्या प्रयोगवहीतसुद्धा नाही.

स्मरणचित्राचेही तसेच. विषय असतात पोळा, आठवडी बाजार, पाणवठा, शेतातली कामे अशा जातीचे. देवणीच्या मुलाजवळ या पेपरासाठी मोठे भांडवल असते. या गावाने ज्या गोवंशाला नाव दिले त्याचे प्रकार त्याला घरच्या गोठ्यातून माहीत असतात. सगळे अंग पांढरे तो बालंक्या, अंग पांढरे आणि तोंडाचा काही भाग काळा तो वानेरा, पांढऱ्यावर काळे ठिपके विखुरलेला तो शेवरा. भरलेले कपाळ, लोंबते कान, वशिंडाची चढण, पोळीची घडी हे सगळे त्याने हजार वेळा पाहिलेले असते. पण पाहिलेले हातात उतरवायचे तर कोणी तरी एकदा म्हणावे लागते, की बैल काढताना आधी पाठीची रेघ बघ, पाय नंतर. हे सांगणारा माणूस म्हणजे ड्रॉइंगचे सर. ते नसतील तर तोच मुलगा पुस्तकातला गुळगुळीत, कुठल्याच जातीचा नसलेला बैल काढून येतो.

अक्षरलेखनाबद्दल दोन शब्द. चौकटी आखून त्यात प्रमाणबद्ध देवनागरी अक्षरे बसवायची, हा पेपर अनेकांना सर्वांत रुक्ष वाटतो. परंतु ज्या भागात दोन पिढ्यांपूर्वी सरकारी शाळा, कचेरी आणि न्यायालय यांचा व्यवहार उर्दूत होता, तिथे शाळेने मुलाला ‘क्ष’ची गाठ आणि ‘ळ’चे दोन गोल मोजून काढायला लावणे याला निराळे वजन होते. मराठी अक्षर इथे सार्वजनिक भिंतीवर नव्याने येत होते आणि ते कसे असावे याचा एक मापदंड या पेपराने घालून दिला.

आता परीक्षेवरच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वसाहतवादाचा. ही पद्धत साउथ केन्सिंग्टनची, ती कारागीर घडवणारी, मुलाच्या अंतःप्रेरणेला तिच्यात जागा नाही, असे म्हणतात. याला पर्याय महाराष्ट्रातच उभा राहिला होता. सेवाग्रामला नयी तालीमच्या शाळेत देवी प्रसाद यांनी 1944 पासून जवळजवळ दोन दशके मुलांना चित्रकला शिकवली. शांतिनिकेतनातून आलेल्या या कलावंताने मुलांना नक्कल करायला न लावता त्यांच्या वयानुसार, त्यांच्या कामातून आणि परिसरातून चित्र येऊ दिले आणि त्या अनुभवावर मोलाचे लिखाण केले. शिक्षणशास्त्र म्हणून सेवाग्रामची वाट ग्रेड परीक्षेपेक्षा सरस आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ती वाट वर्ध्याहून देवणीला आली नाही. तिच्यामागे मंजूर पद नव्हते, परीक्षा मंडळ नव्हते, प्रमाणपत्र नव्हते. चांगली कल्पना एका शाळेत फुलते, पण हजारो शाळांत पोहोचायचे तर तिला खाते लागते. ग्रेड परीक्षा कल्पना म्हणून कमी पडत असेल, पण तिच्यामागे खाते होते. म्हणून वादाचा मुद्दा परीक्षा हवी की नको हा नाही. त्या खात्याच्या चौकटीत सेवाग्रामचे काय आणता येईल, हा आहे. स्मरणचित्राचा पेपर आजही त्यासाठी मोकळा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो गुणांचा आहे. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. सध्या ए श्रेणीला 7, बी श्रेणीला 5, सी श्रेणीला 3. लातूर जिल्ह्यात या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून राजर्षी शाहू महाविद्यालयाने घडवलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने या जिल्ह्याला गुणवत्ता यादीत नेले आणि गावोगावच्या पालकांना गुणांची किंमत शिकवली. मग ड्रॉइंगकडेही त्याच नजरेने पाहिले गेले. परीक्षेच्या तोंडावर वर्ग निघाले आणि त्यांत स्मरणचित्राची तयार चित्रे पाठ करून घेतली जाऊ लागली. डावीकडे झाड, मागे झोपडी, पुढे डोक्यावर घागर घेतलेली बाई, आणि विषय काहीही आला तरी याच आकृत्या इकडच्या तिकडे. हे कलेचे नुकसान आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

तरी गुण काढून टाकल्याने हे नुकसान भरून येईल का? याचे उत्तर कोविडच्या वर्षाने दिले. 2020-21 मध्ये परीक्षा होऊ शकल्या नाहीत आणि त्या वर्षी दहावीला हे गुण न देण्याचा निर्णय झाला. पालक आणि कलाशिक्षक दोघेही अस्वस्थ झाले, आणि शिक्षकांची अस्वस्थता मला जास्त बोलकी वाटते. गुणांवाचून शाळा आपल्या तासाला किंमत देणार नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. कारण नववी-दहावीच्या वेळापत्रकात चित्रकलेला दुसरा आधारच राहिलेला नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय असावा असे सुचवले. राज्याने नववी-दहावीसाठी ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ हे पुस्तक काढले, त्याला श्रेणी दिली. पुस्तकाचा हेतू चांगला आहे. पण सहाशे गुणांच्या दहावीत ज्याला गुण नाहीत त्याचा तास सराव परीक्षेला देऊन टाकला जातो, हे कोणताही मुख्याध्यापक मान्य करील. सात गुणांनी मुलाला चित्रकलेची गोडी लागत नाही हे खरे. त्या सात गुणांमुळे शाळेत चित्रकलेचा तास मात्र राहतो, आणि तास राहिला तर गोडी लावणाऱ्याला संधी मिळते.

तिसरा आक्षेप न्यायाचा, आणि याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही, कारण आक्षेप बरोबर आहे. ज्या शाळेत कलाशिक्षक नाही तिथल्या मुलाला हे सात गुण मिळवायचे कसे? गेल्या काही वर्षांत संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेतल्या शिक्षकांची मंजूर पदे ठरवण्याच्या, गणितात कलाशिक्षकाचे पद सर्वांत आधी कमी होते. विद्यार्थिसंख्या घटली, सर निवृत्त झाले, की जागा रिकामी राहते. सहावी ते आठवीसाठी मानधनावर अतिथी निदेशक नेमण्याची सोय निघाली, पण तासावर पैसे मिळणारा माणूस मुलांना दोन वर्षे धरून इंटरमिजिएटपर्यंत नेऊ शकत नाही. वर सांगितलेली साखळी इथे तुटते. लहान गावातल्या शाळेत सर नाहीत म्हणून मुले परीक्षेला बसत नाहीत, मुले बसत नाहीत म्हणून पदाची गरज दिसत नाही. अन्याय दूर करायचा तर गुण रद्द करून सर्वांना सारखे रिकामे ठेवणे हा उपाय होत नाही. पद भरणे हाच उपाय आहे. दोन-तीन लहान शाळांना मिळून एक कायम कलाशिक्षक दिला तरी देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यांत चित्र बदलेल.

याहून मोठी पोकळी दहावीनंतर आहे. उच्च माध्यमिक मंडळाच्या यादीत कला शाखेसाठी चित्रकला हा विषय आहे, कलेचा इतिहास व रसग्रहण हाही आहे. 1975 मध्ये दहावीची शालान्त परीक्षा आणि त्यापुढची दोन वर्षे ही रचना महाराष्ट्रात आली. तेव्हा अकरावी-बारावी ही मुलाचा कल ओळखून त्याला वाट देणारी वर्षे ठरतील अशी अपेक्षा होती. चित्रकलेच्या बाबतीत या भागात ती वर्षे रिकामी राहिली. कनिष्ठ महाविद्यालयांनी विषय घेतले ते उपलब्ध प्राध्यापक पाहून, आणि चित्रकलेचा प्राध्यापक क्वचितच कुठे होता. विज्ञान शाखेकडे जाणारे मूल लातूरला किंवा नांदेडला जाते आणि त्याचा ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर पडतो. कला शाखेत राहणाऱ्यालाही गावातल्या महाविद्यालयात हा विषय मिळत नाही. दरम्यान पदवीचे दार बारावीच्या पलीकडे सरकले आहे. बी. एफ. ए.ला जायचे तर बारावी आणि त्यावर राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तीत पुन्हा वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हेच असते. म्हणजे दहावीपूर्वी कमावलेला हात दोन वर्षे थंड ठेवून नेमक्या त्याच कौशल्यात शहरातल्या मुलाशी स्पर्धा करायची. राज्यात शासकीय कला महाविद्यालये मोजकीच, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली. त्यांतले मराठवाड्यातले एकमेव शासकीय महाविद्यालय देवणीपासून तीनशे किलोमीटरहून दूर आहे.

कोणी म्हणेल, मागणी नाही म्हणून विषय नाही. पण शाळाशाळांतून मुले दरवर्षी इंटरमिजिएट उत्तीर्ण होतात. ती सगळी चित्रकार होऊ इच्छितात असे नाही. त्यातली काही वास्तुरचनेकडे जातील, काही जाहिरात, छपाई, कापडाची नक्षी, ॲनिमेशन यांकडे, काही शिक्षक होतील. त्यांना पुढची दोन वर्षे हात चालू ठेवायला जागा मिळाली तर मागणी दिसेल. विषयच नसताना मागणी नाही असे म्हणणे म्हणजे पूर्वी शिक्षक नसल्यामुळे मराठवाड्यात चित्रकला नव्हती, त्याला इथल्या लोकांची अनास्था ठरवण्यासारखे आहे.

यासाठी नवे कनिष्ठ महाविद्यालय काढण्याची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात आज असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांपैकी एकाने मंडळाच्या यादीतला चित्रकला हा विषय घ्यावा, शासनाने त्यासाठी एक पूर्णवेळ पद मंजूर करावे आणि विज्ञान शाखेच्या मुलांनाही तो तास करू द्यावा. देवणीच्या शिक्षण संस्थांनी हा प्रस्ताव येत्या प्रवेशांपूर्वी शिक्षण उपसंचालकांकडे पाठवावा, आणि दहावीत असलेल्या मुलांच्या पालकांनी तो पाठवायला लावावा.